गोड्या पाण्याच्या काठी, सायमनकडे

शेवटचं म्हणजे आम्ही दोघं कल्याणच्या बाजारात मिरच्या आणायला गेलेलो. माझ्या बायकोला, मॅगीला, ठाण्यातली मिरची चालत नसे. बेडगी तीन किलो, काश्मिरी दोन, धणे, हळकुंडं. येताना मी नेहमीसारखा दहा पावलं पुढे. शेहेचाळीस वर्षांच्या संसारात मी कधी तिच्या बरोबरीनं चाललो नाही. "अवो, थांबा जरा," ती मागून. मी वळून न बघता म्हणालो, "रिक्षावाला थांबत नाय तुझ्यासाठी." रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "आता घरी गेल्यावर देठं तुम्हीच खुडायची." दिवे लागेपर्यंत ओट्यावर बसून दोघांनी देठं खुडली. माझे हात दोन दिवस झोंबत होते.

चौथ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात खाली बसली ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. मिरच्या गच्चीवर वाळत होत्या.

आमचा एकुलता एक सायमन फादर आहे, मिशनरी. नऊ वर्षं आफ्रिकेत, केनिया देशात. फोन केला तर म्हणाला, "बाबा, तिकीट मिळालंय. परवा सकाळी पोचतो. तेवढं थांबा." मी थांबलो नाही. पॅरिशचे (गावच्या चर्चचे) फादर म्हणाले, शवागारात ठेवू. मी म्हणालो, आजच. बर्फावर ठेवलेली बघवणार नव्हती हे एक. दुसरं म्हणजे राग होता. परक्यांच्या आया सांभाळायला गेला, आता त्याच्या आईनं बर्फावर वाट बघायची? संध्याकाळी पाच वाजता माती दिली. मग त्याला फोनवर म्हणालो, "आता काय बघायला येतोस?" तो आला नाही.

कोलशेतला आमच्या गावात नऊ महिने एकच बोलणं, फादर झाला पण आईच्या मातीला आला नाही. मी ऐकत होतो. तोंड उघडलं नाही. मॅगीची थोरली बहीण रेजीन विठ्ठलवाडीला राहते. तिनं तर सायमनचा फोटो भिंतीवरून काढून ट्रंकेत टाकला. मॅगीच्या मिरच्यांचा मसाला तिनंच कुटून आणला आणि बाटल्यांत भरून मला दिला, पण बजावून दिला. "पावलू, हा तुझ्या एकट्यासाठी हाय. त्या पोराला चिमूटभरपण धाडायचा नाय."

त्यातली एक बाटली मी बॅगेत घातली. तिला सांगितलं नाही.

सायमननं तिकीट पाठवलं होतं. मी निघालो ते त्याला परत आणायला. त्याच्या वरच्या फादरांना सांगायचं, म्हाताऱ्याला कोणी नाही, पोराला मुंबईकडचं पॅरिश द्या. वाक्य पाठ करून ठेवलेलं. मी चौथी शिकलेला, जन्म मिठागरात गेला, मिठागर बंद झाल्यावर कंपनीच्या गेटवर वॉचमन. विमान लांबून बघितलेलं. पण बसलो तर काही नाही, खिडकी उघडत नाही एवढाच त्रास.

नैरोबीच्या विमानतळावर कस्टमच्या बाईनं बॅग उघडायला लावली. सुके बोंबील हुंगून तिनं नाक मुरडलं. मग मसाल्याची बाटली उघडून आत बघितलं आणि लागोपाठ चार शिंका दिल्या. "पिलिपिली!" (तिकडे मिरचीला असं म्हणतात) ती ओरडली. मागची रांग हसायला लागली, तीही डोळे पुसत हसली आणि जा म्हणून हात केला. मॅगी असती तर म्हणाली असती, मसाला पास झाला.

सायमन बाहेर उभा होता. दाढी पांढरी व्हायला लागलेली, पोट सुटलेलं, पायात टायरच्या चपला. वाकून पाया पडला. मी म्हणालो, "जाडा झालास." तो म्हणाला, "तुम्ही वाळलात." एवढंच बोललो. पुढे बसमध्ये आठ तास मी खिडकीबाहेर बघितलं. चहाचे मळे, मग एक दरी अशी की तिच्यात आख्खा ठाणे जिल्हा मावेल, मग उतरण आणि मका. बस जिथं थांबेल तिथं बायका टोपल्या घेऊन धावतात. मी भाजलेलं कणीस घेतलं. आपल्यासारखं लिंबू-मीठ मागितलं तर विकणारी बघतच राहिली.

दुपार कलताना तळं दिसलं. त्याला तळं म्हणतात, पण पलीकडचा काठ दिसत नाही. लाटा येतात, शिडाच्या होड्या आहेत, वाळूत जाळी पसरलेली. मी चपला काढून पाण्यात गेलो आणि बोट बुडवून चाटलं. गोडं! एवढं पाणी आणि मीठ नाही. मी सायमनला म्हणालो, "हे फुकट गेलं सगळं." तो पहिल्यांदा मोठ्यानं हसला. काठाला जलपर्णी साचलेली, अगदी आपल्या उल्हास नदीत असते तशी. माणसाच्या छातीएवढा उंच, टकल्या डोक्याचा एक पक्षी मासळीच्या ढिगाजवळ वॉचमनसारखा उभा होता. मला तो ओळखीचा वाटला.

सायमनचं घर म्हणजे दोन खोल्या, पत्रा, पुढे शेवग्याचं झाड. बाजूला शाळा आणि छोटं चर्च. पहिल्या रात्री जेवायला उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा) आणि ओमेना, म्हणजे बोटाएवढी चांदीसारखी सुकी मासळी. उगालीला चव नाही. पण ओमेना हातात घेतली आणि वास आला तो आमच्या सुकवणाचा. मी बाटली काढली. सायमननं झाकण उघडलं, नाकाशी धरली, बराच वेळ तशीच धरली.

"मावशीनं दिला?"

"हं," मी म्हणालो. खोटं बोललो.

मीच चुलीपाशी बसलो. कांदा, चिंच (ती शहरातल्या गुजराती दुकानात मिळते), दोन चमचे मसाला, वर ओमेना. लहानपणी ह्याला मॅगी माशाचा काटा काढून भरवायची, नाहीतर तोंडात घेत नसे. आता तो डोक्यासकट चावून खात होता. मी बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी सायमन म्हणाला, "काठावर जाऊ, पण माझ्या मागून चला, चिखल आहे." मी कोणाच्या मागून चालणारा नाही. जन्मभर मिठागराची कोंडी (मीठ पिकवायचे चिखलाचे वाफे) तुडवली, मला चिखल काय शिकवतो? पुढे झालो आणि लव्हाळ्यात मांडीपर्यंत रुतलो. जितका हललो तितका खाली. मासळी वाळवणाऱ्या चार बायका धावत आल्या, काखेत हात घालून मला उपटलं, आणि हसून हसून तिथंच बसल्या. एकीनं काहीतरी म्हटलं. मी विचारलं, "काय म्हणते?"

"म्हणते, फादरचा बाप घाईचा आहे."

ती अकिन्यी. सत्तरीची, पाठीचा कणा ताठ, सगळं गाव तिला दानी (आजी) म्हणतं. माझी चप्पल चिखलात राहिली ती तिनं काठीनं शोधून काढली आणि धुऊन दिली.

रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर बायका-पुरुष आंब्याखाली जमले. प्लास्टिकची खुर्ची मला, बाकीचे जमिनीवर. एकेक जण येऊन माझा हात दोन्ही हातांत धरायचा आणि म्हणायचा, "पोले, मझे." पोले म्हणजे तुमच्या दुःखात आहोत, मझे म्हणजे वडीलधारा माणूस. साठ-सत्तर माणसं, एकही हात न धरता गेला नाही. मॅगी गेल्यावर आमच्याकडेही माणसं आली होती, पण तिसऱ्या दिवशी घरात मी आणि भिंती.

मग जेवण. माझ्यासाठी त्यांनी चपात्या केलेल्या. तिकडे चपाती सणाला करतात, पाहुणा मोठा असेल तर करतात. जाड, तेलकट, पण चपाती. मॅगी रोज करायची. मी कधी बरी झाली म्हणालो नाही.

खाता खाता शाळेतल्या मास्तरानं मला मोडक्या हिंदीत सांगितलं. तो दोन वर्षं पुण्यात शिकलेला. "फादर की माँ गुजर गयी, तो हम लोग तीन रात इधर बैठे." सायमनच्या दारात शेकोटी पेटवून तीन रात्री सगळं गाव झोपलं, तो एकटा पडू नये म्हणून. बायका मॅगीसाठी गात होत्या. त्यांनी तिला कधी बघितलेली नाही. तिचं पूर्ण नाव सायमनकडून शिकून घेतलेलं, ते त्यांच्या तोंडात वेगळंच वाटतं, मागदालेना.

मी सायमनकडे बघितलं. तो ताटात बघत होता. नऊ महिन्यांत फोनवर हे तो एकदाही बोलला नव्हता. मीही विचारलं नव्हतं.

तेवढ्यात अकिन्यी माझ्यासमोर येऊन बसली आणि काही विचारलं. सायमन मला म्हणाला, "काही नाही, बाबा, असंच."

"असंच कसं? सांग."

"त्यांच्यात सगळी मुलं पोचल्याशिवाय माती देत नाहीत. आठवडा लागो, दोन लागोत, थांबतात. ती विचारते, तुमच्याकडे आईला पहिली माती कोणी दिली?"

"तू काय सांगितलं होतंस त्यांना?"

"तिकीट मिळालं नाही म्हणालो."

माझा घास हातात राहिला. गावात मी त्याला शिव्या खाऊ दिल्या आणि इथं हा मला झाकत होता. मी ताट खाली ठेवलं.

"तिला सांग, तिकीट मिळालं होतं."

"बाबा, जाऊ दे."

"सांग. पोरगा म्हणाला थांबा, बाप थांबला नाही. माती मी दिली. नंतर गावात लोक पोराला बोलले, तेव्हाही मी गप्प बसलो. सगळं सांग, एक शब्द गाळू नकोस."

फादर माणूस, लोकांची पापं ऐकायची सवय, पण बापाचं पाप स्वतःच्या तोंडानं सांगायचं म्हणजे जड गेलं असेल. शेवटी खाली बघत बोलला. दोन-तीनदा अडकला. मी त्यांची भाषा जाणत नाही, पण कुठल्या शब्दावर अडकतोय ते कळत होतं.

अकिन्यी माझ्याकडे बघत राहिली. आता थुंकते की काय असं मला वाटलं. मग ती मागच्या बायकांकडे वळून काही म्हणाली.

"काय म्हणाली?"

सायमनचे डोळे भरलेले, तरी तोंडावर हसू. "म्हणाली, म्हाताऱ्याचं ताट भरा, अर्धपोटी माणसाला रडता येत नाही."

आणखी एक चपाती आली. मी ती खाल्ली, आणि मग मला रडू आलं. मॅगी गेल्यापासून पहिल्यांदा. साठ-सत्तर माणसांसमोर. कोणी गप्प करायला आलं नाही, फक्त सगळे बसून राहिले.

जाताना अकिन्यीनं आणखी एक विचारलं, ते सायमननं लगेच सांगितलं. "आईच्या माहेरच्यांना हे माहीत आहे का?"

"नाय," मी म्हणालो. ह्याला भाषांतर लागलं नाही.

पुढचे बारा दिवस मी तिथं राहिलो. शाळेच्या पंपाचं वायसर बदललं. बायकांना बोंबील खायला घातले, त्यांना ते आवडले नाहीत, तसं त्यांनी तोंडावर सांगितलं. काठावर रोज गेलो, सायमनच्या मागून. पाठ केलेलं वाक्य एकदा जिभेवर आलेलं. तो संध्याकाळी दारात बसलेला, चारी बाजूंनी पोरं, एक म्हातारी त्याला कशावरून तरी झापत होती आणि तो आमच्या गावात मार खाल्ल्यावर करायचा तसंच तोंड करून ऐकत होता. हा परदेशात नव्हता. मी वाक्य गिळलं. त्याच्या वरच्या फादरांना भेटलोच नाही.

निघताना बसजवळ तो म्हणाला, "बाबा, पुढच्या ख्रिसमसला येतो. आईकडे जाऊ."

"ये," मी म्हणालो. "मी थांबतो."

घरी पोचलो तेव्हा बंद खोलीत कुबट वास. बॅग तशीच ठेवली आणि रेजीनला फोन लावला, उद्या सकाळी मॅगीकडे ये म्हटलं. "माझे दुखरे गुडघे काय तुझ्या बापाचे?" ती म्हणाली, पण येते म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आठला मी दफनभूमीच्या फाटकात उभा राहिलो. ती पावणेनऊला रिक्षातून उतरली, हातात काठी. फाटकापासून मॅगीपर्यंत शंभर पावलं असतील. ती चार पावलांवर दम घ्यायची. मीही थांबायचो. अर्ध्यावर ती म्हणाली, "काय रं, तब्येत बरी नाय का तुझी? आज पुढं नाय पळालास."

थडग्यापाशी मी सांगितलं. तिकीट, बर्फ, माझा राग, नऊ महिने. तिनं काठी उचलली. मला वाटलं मारते. मारलीच, पोटरीवर, चांगली जोरात. "मेल्या, माझ्या बहिणीच्या पोराला मी रोज शापलं रं!" मग ती बाजूच्या कट्ट्यावर बसली आणि पदरानं तोंड पुसत राहिली. मी उभाच. पदर खोचून म्हणाली, "मसाला नेलेलास ना चोरून? तू निघालास तवाच बाटली कमी दिसली, मला कळत नाय व्हय?"

"नेला."

"फोन लाव."

तिकडे साडेसहा वाजले असतील. मी नंबर लावून फोन तिच्या हातात दिला. तिनं तो उलटा धरला, मी सरळ करून दिला.

"सायमन? मावशी बोलतंय. मसाला संपला का रं?"