फुग्यांच्या दुकानातला माझा पहिला खटला

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्येच हसलात तर मी उठून जाईन आणि पुढचं तुम्हाला आमच्या गावात येऊन विचारावं लागेल. तिथे कोणीही सांगेल. सगळा गाव हजर होता तेव्हा, तुम्हीच तेवढे राहिलात.

मी अमरावतीला कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होते. वकील व्हायला अजून बराच अवकाश होता, पण माझ्या तोंडाला सनद कधीच मिळाली होती. सुट्टीत अंजनगावकडे घरी निघाले की एसटीतच काम सुरू. महिलांच्या राखीव सीटवर बसलेल्या काकांना उठवायचं, गावात उतरल्यावर सरपंचाला ग्रामसभेचे नियम ऐकवायचे, आणि घरी पोचल्यावर मोठ्या बाबांना उरलेलं सगळं. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. घरातला शेवटचा शब्द त्यांचा. घरातल्या सगळ्या घोळांचं मूळ तिथेच आहे, असं माझं मत होतं. मत विचारलं कोणी नव्हतं, तो भाग वेगळा.

ती वर्षं अशी होती की आमच्या वऱ्हाडात पिकापेक्षा पाहणी जास्त यायची. मुंबईचे साहेब यायचे, दिल्लीचे साहेब यायचे, मागून कॅमेरेवाले. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहून ते कपाशीकडे अशा चेहऱ्यानं बघायचे, की तिलाच वाटावं आपलं काहीतरी चुकलं. जाताना पॅकेजबद्दल सांगून जायचे. रानडुकरांबद्दल मात्र कोणी चकार शब्द विचारला नाही. डुकरांचाही दोष आहेच म्हणा. ती साहेबांच्या वेळेत येत नाहीत. अंधार पडला की येतात आणि उभ्या हरभऱ्याची अशी नांगरणी करून जातात की ट्रॅक्टरनं लाजावं.

यावर आमच्याकडे एकच इलाज होता. मोठ्या बाबांची भरमार बंदूक. पीक राखायचं लायसन, आजोबांच्या वेळेपासून घरात चालत आलेलं. नळीत तोंडाकडून दारू भरायची, वरून चिंध्या ठासायच्या आणि आभाळाकडे तोंड करून बार काढायचा. गोळी नाही, छर्रा नाही, नुसता आवाज. तेवढ्यावर कळप पसार. खरं सांगायचं तर त्या एका आवाजावर आमचा हरभरा उभा होता. आणि असलं लायसन एकदा जप्त झालं की पुन्हा मिळत नाही, हे आमच्या घरातल्या मांजरालासुद्धा ठाऊक होतं.

आता आतली गोष्ट. लायसन मोठ्या बाबांचं, पण बार काढायची मी.

का, विचारा. मोठ्या बाबांचा खांदा धरलेला. माझे वडील फटाक्याच्या आवाजानंसुद्धा आत जाऊन बसणारे. आणि मी कॉलेजच्या परेडमधली. रायफलच्या शिबिरात नेमबाजीत पहिली आलेली. पदक मिळालं होतं. आईनं ते बैठकीत कॅलेंडरशेजारी खुंटीला टांगलं होतं. त्यामुळे मी सुट्टीत आले की मोठे बाबा निर्धास्त घोरायचे. तूर कधी विकायची, बोअर कुठे खोदायची, माझं लग्न कधी करायचं, यातलं काहीही ठरवताना मला बाहेर चहा करायला पाठवायचे. पण डुकरं आली की एकच हुकूम, "उठवा तिले."

तर त्या हिवाळ्यात बाजूच्या गावच्या जत्रेला आम्ही सगळे गेलो. झाडाखाली गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजायला घातले, वांग्याची भाजी चढवली. आणि स्वयंपाक होईपर्यंत पाय मोकळे करावे म्हणून मी निघाले. तिथेच बसले असते तर आज तुमच्यासमोर ताठ मानेनं बसले असते.

अचलपूरच्या गफूरभाईंचं फुग्यांचं दुकान जत्रेत दरवर्षी लागायचं. एक मोठी फळी, तिच्यावर रंगीत फुग्यांच्या रांगा, आणि समोर एक छर्ऱ्याची बंदूक, ठिकठिकाणी तार गुंडाळून जगवलेली. मी पोचले तेव्हा त्या बंदुकीमागे एक एवढीशी पोरगी उभी होती. लाल रिबिनी, शाळेचा फ्रॉक. तिची आई मागून दस्ता धरून तिला नेम दाखवत होती.

माझं रक्त उसळलं. मी पुढे झाले आणि त्या पोरीच्या हातातली बंदूक काढून घेतली. मुलींना संधी मिळाली पाहिजे म्हणून कॉलेजात भाषणं ठोकणारी मी!

मग सुरू झाले. शस्त्रांचा कायदा काय म्हणतो, एकवीस वर्षं पूर्ण झाल्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही, शिबिरात शिकताना देखरेखीखाली हातात घेतली तर ती गोष्ट निराळी, आणि तुम्ही इथे दुधाच्या दातांच्या पोरांच्या हातात शस्त्र देता, वगैरे. छर्ऱ्याच्या बंदुकीचा हिशेब कायद्यात वेगळा आहे, हे पुस्तकात पुढे कुठेतरी होतं. माझं वाचन तिथपर्यंत आलं नव्हतं. आवाज मात्र पोचला होता. पाळण्याजवळची माणसं पाळणा सोडून इकडे आली.

गफूरभाई शांत. दाढीवरून हात फिरवत म्हणाले, "बेटा, या लेकराच्या हातानं फुगा फुटला तं मीच पेढे वाटतो."

त्या पोरीची आई मात्र मन लावून ऐकत होती. तिला एकच शंका होती. "अन् एकविसावं लागलं असलं, तं चालते काय वं बाई?"

"नाही चालत," मी म्हटलं. "पूर्ण म्हणजे पूर्ण. लागलेलं चालत नाही."

गफूरभाई दुकान बंद करायला तयार होईनात. मग मी काय केलं असेल? स्वतः जाऊन पोलिसाला घेऊन आले. जत्रेच्या बंदोबस्ताला आलेले एक जमादार चहाच्या टपरीवर बसले होते. त्यांनी नुकताच बशीत चहा ओतला होता. ते बशी हातात घेऊनच माझ्यामागे आले, यावरून माझा आविर्भाव काय असेल ते समजा.

त्यांनी बंदूक पाहिली, फुगे पाहिले, मग मला पाहिलं. म्हणाले, ही छर्ऱ्याची आहे, हिला लायसन लागत नाही, लेकरं खेळून राहिली, खेळू द्या. एवढं सांगून ते वळले. शहाण्या माणसानं इथे रोडगे खायला जायचं असतं. मीही गेले असते. पण जाता जाता त्यांनी हसून विचारलं, "मॅडम, तुमी खरी बंदूक कधी पाह्यली काय?"

मला. हे मला विचारलं!

"पाहिली?" मी म्हटलं. "आमच्या घरी भरमार आहे. बार मी काढते. दारू मी ठासते. आमच्या शिवारातली डुकरं माझा बार ओळखतात. खोटं वाटत असेल तर आमच्या मोठ्या बाबांना विचारा. म्हणजे त्यांना ऐकू येत नाही म्हणा, ते तेव्हा झोपलेले असतात."

जमादारांनी बशी हळूच गफूरभाईंच्या टेबलावर ठेवली.

"वय काय म्हणलं तुमचं?"

"वीस पूर्ण," मी ताठ मानेनं सांगितलं. "एकविसावं लागलं."

मग त्या पोरीची आई हळहळत म्हणाली, "मंग नाही चालत, बाई. पूर्ण म्हणजे पूर्ण."

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. असा पडला की डोळे दिपले. लायसनवाल्याची बंदूक घरातली एकवीस पूर्ण न झालेली पोरगी चालवते, याचा कबुलीजबाब मी दिला होता. पोलिसासमोर. साक्षीदारांसह. साक्षीदारही मीच ओरडून गोळा केलेले.

कोणीतरी धावत जाऊन मोठ्या बाबांना आणलं. ते अर्धा रोडगा हातात घेऊनच आले. जमादारांनी विचारलं, "पाटील, तुमच्या लायसनची बंदूक हे पोरगी चालवते म्हणे?"

मोठ्या बाबांनी माझ्याकडे पाहिलं. एरवी या माणसाला साधं बियाणं ठरवायला अर्धा मृग लागतो. त्या दिवशी रोडग्याचा घास गिळायला लागला तेवढाच वेळ.

"साहेब, पोरगी लबाड आहे," ते म्हणाले. "लहानपणापासून. हिच्यानं सुईत दोरा ओवल्या जात नाही, बंदूक काय चालवते! कॉलेजात गेल्यापासून लयच वाढलं. काहून वं, खरं आहे ना?"

माझ्या अंगातला कण न् कण हरकत घ्यायला उठला होता. पण डोळ्यांसमोर हरभरा आला.

"हो," मी म्हटलं.

"मोठ्यानं बोल. साहेबाले ऐकू नाही आलं."

साहेबांना ऐकू आलं होतं. मोठ्या बाबांना मजा येऊन राहिली होती, दुसरं काही नाही.

"हो. मी लबाड आहे," मी जत्रेला सांगितलं.

पण जमादार कच्चे नव्हते. त्यांनी ती तारेची बंदूक उचलून माझ्या हातात दिली. "मंग फोडा एखादा फुगा. पाहू तं खरं."

आलं ना लक्षात? फुगा फुटला, तर मी खरं बोलले. मी खरं बोलले, तर बंदूक गेली. म्हणजे शिबिरात पहिली आलेल्या मला आता अख्ख्या तालुक्यादेखत नेम चुकवायचा होता.

मी बंदूक केरसुणीसारखी धरली. दस्ता काखेत घेतला. फुग्यांच्या दोन रांगांमध्ये जिथे नुसती कोरी फळी होती, तिथे नेम धरून घोडा ओढला.

फट. पिवळा फुगा गेला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्या बाबांचा रोडगा तोंडाजवळच थांबला. जमादारांनी पुन्हा छर्रा भरून दिला. या वेळी मी फुग्यांचा नादच सोडला. फळीचा जो लाकडी पाय जमिनीत रोवला होता, सरळ त्याच्यावर धरला. याहून प्रामाणिकपणे कोणी चुकू शकतं का, सांगा.

फट. खालच्या रांगेतला निळा गेला.

"नेम तं झकास आहे," जमादार म्हणाले. मग अगदी प्रेमानं मोठ्या बाबांना विचारलं, "लायसन घरीच राहते काय, पाटील?"

मोठे बाबा पांढरे पडले. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं, आणि मला ते पाहायला आवडेल असं जे आजवर वाटायचं, तेही खोटं निघालं.

तेवढ्यात गफूरभाई पुढे आले. माझ्यावर माया आली म्हणून नव्हे हं. माझ्या पायी त्यांचा धंदा केव्हाचा बंद होता आणि हे लवकर मिटायला हवं होतं.

"साहेब, पोरीनं नेम कुठं धरला ते पाह्यलं काय? खुंटावर धरला, फुगा फुटला वरचा." त्यांनी बंदुकीच्या टोकावरच्या बारक्या मण्यावर बोट ठेवलं. नेम धरतात तो मणी, त्याला माशी म्हणतात. "हे माशी वाकडी आहे. आपल्या इथं ज्याले नेम येते, त्याचा फुगा फुटतच नाही. फुटला म्हणजे समजून घ्या, त्याले काहीच येत नाही."

गर्दीतून आवाज आला, "म्हणजे गफूरभाई, आमी इतके वर्ष..."

"जत्रा आहे बाबू, कोर्ट नाही," गफूरभाई म्हणाले.

जमादारांनी बंदूक माझ्या हातून घेतली. पाय रोवले, एक डोळा मिटला, लाल फुग्यावर धरून घोडा ओढला. फुगा जागचा हलला नाही. पुन्हा भरून ओढला. फुगा तसाच. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते मी विसरणार नाही.

"बराबर आहे," ते छाती काढून म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, "पोरीले काहीच येत नाही. जाऊ द्या घरी."

पोलिसांकडून असं प्रमाणपत्र, तेही भर जत्रेत, फार कमी जणांना मिळत असेल.

दुकान पुन्हा सुरू झालं आणि अशी रांग लागली की पाळणेवाला रडकुंडीला आला. प्रत्येक बाप्याला आपला नेम चांगला आहे हे सिद्ध करायचं होतं. ज्याचा फुगा फुटायचा नाही, तो मिशीवर हात फिरवत बाजूला व्हायचा. निघताना गफूरभाईंनी मला हाक मारून दोन फुग्यांचं इनाम दिलं. गुलाबी कंगवा. नको म्हटलं तर म्हणाले, "घ्याच लागते बेटा, कायदा आहे."

घरी आल्यावर मोठे बाबा मला रागावतील म्हणून मी उत्तरं तयार करून ठेवली होती. एकही कामी आलं नाही. त्यांनी खुंटीवरचं माझं पदक काढलं, फडक्यात गुंडाळलं आणि पेटीत अगदी तळाशी घातलं. न जाणो, जमादार कधी चहाला आला तर. मग बंदूक कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली कडदोऱ्याला बांधली.

"एकवीस पूर्ण झाल्याबिगर हात लावायचा नाही," ते म्हणाले.

मी म्हटलं, मग डुकरं? ती काय माझ्या वाढदिवसापर्यंत थांबणार आहेत?

"तूच म्हणली ना, पूर्ण म्हणजे पूर्ण?"

जन्मात पहिल्यांदा त्यांनी माझा सल्ला मानला. तोही अक्षरशः. कळप अगदीच अंगावर आला तर बार ते स्वतः काढायचे आणि सकाळी तो खांदा माझ्याकडून चेपून घ्यायचे. एरवीसाठी त्यांनी माझ्या हातात तेलाचा रिकामा पिपा दिला आणि एक काठी.

उरलेली सगळी सुट्टी मी वावरातल्या मचाणावर बसून पिपा बडवला. दिवसा शस्त्रांचा कायदा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढला, या वेळी एक ओळ सोडली नाही. मोठ्या बाबांविरुद्ध काहीतरी सापडेल, अशी आशा होती. नाही सापडलं. पिपा वाजवायला कायद्यात वयाची अट नाही.