पेणची यादी आणि मास्तरांची चिठ्ठी

त्या वर्षी माझा धीर सुटला होता, हे आधीच कबूल करते. नव्वद सालानंतरची गोष्ट. माझी आठ वर्षांची सुली वर्गात घडीभर बसत नसे. हेडमास्तरांनी बजावलं होतं, परीक्षेआधी डॉक्टरांचा कागद आणा, नाहीतर मुलीला घरीच ठेवा. मुलांच्या मनाचे सरकारी डॉक्टर पेणला महिन्यातून एकदाच यायचे. नाव लावून पाच महिने झाले, तरी नंबर लागेना. शेवटी रोह्यात आमच्या ग्रामदेवाला कौल लावला. ‘नंबर लागेल ना?’ उजवी कळी पडली, म्हणजे देवाचा होकार. मी इतकी निर्धास्त झाले की पेणच्या पुढच्या तारखेला गेलेच नाही. देव बोलला, आता बोलावणं येईल, म्हणून घरीच बसले. नेमकं त्याच दिवशी सुलीचं नाव पुकारलं आणि गैरहजर म्हणून कटलं. रडत गुरवांकडे गेले, तर ते हसले. “देव व्हय म्हनला गो, घरी बस नाय म्हनला!” राग आला, पण त्यांचं खरंच होतं.

पुढच्या महिन्यात पहिली एसटी धरली. यादीत आता आम्ही शेवटी. शेजारी धरमतरकडची, मिठागरात राबणारी एक म्हातारी नातीला घेऊन बसली होती.

“मास्तरची चिट्टी आनलीस काय?”

“कसली चिठ्ठी?”

“पोर शालेत कशी वागते त्याची. ती नाय तर परत धाडतात. माझी ही तिसरी खेप हाय गो.”

मग माझ्या ध्यानात आलं. अर्धी रांग परत पाठवलेल्यांचीच होती. मी उठून नर्सबाईंना म्हटलं, नाव लावतानाच चिठ्ठीचं सांगा. त्या वैतागल्या, “मला एवढ्या गर्दीत वेळ कुठला? तुम्ही बसाल सांगत?” बसते म्हटलं, आणि दर तारखेला नाव लावायच्या खिडकीपाशी बसले. सुलीच्या मास्तरांची चिठ्ठी मीही आणली. आया पहिल्याच खेपेला चिठ्ठी आणू लागल्या, रांग हलू लागली. परीक्षेआधी सुलीचा नंबर लागला. डॉक्टरांनी एकाच बैठकीत कागद लिहून दिला. म्हणाले, हिचं लक्ष एका जागी ठरत नाही, हा वांडपणा नाही, हिला मारू नका.

सुलीची शाळा टिकली. ती म्हातारी मला पुन्हा दिसली नाही, नावही विचारायचं राहिलं. तिला माझ्या शेजारी कोणी बसवलं, ते मी जाणते. कागद घेऊन परतताना एसटीत, गडब गावाजवळ, सुलीने हळूच विचारलं, “आई, आता घरी गेल्यावर मारशील?” देवापुढे डोकं टेकायला मी लहानपणीच शिकले होते. त्या दिवशी भरल्या गाडीत मी माझ्या लेकीपुढे हात जोडले.