स्टेपनीच्या जागी मिठाचं पोतं

थंडीत गाडी बंद पडली तर काय करायचं, हे आख्ख्या श्रीगोंदा तालुक्यात माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. म्हणूनच माझ्या सख्ख्या भाचीच्या लग्नात मामा म्हणून एक दूधवाला उभा राहिला.

झालं असं. भाचीच्या साखरपुड्याला निघालो, तेव्हा थंडीनं गाडीची बॅटरी बसली. ढकलगाडी करून मी दारातून कोपऱ्यापर्यंत गेलो आणि तिथून घरी आलो. माझी बहीण सुमन राजूरला दिलेली. तिला मी एकच भाऊ. तिचा फोन आला. रडली नाही, ओरडली नाही, तिथंच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

"दादा, मामा न्हाई म्हनून माझ्या सासरची मान्सं हसली. लग्नाला तरी येळेवर ये. न्हाई आलास तर पुन्हा येऊच नको."

आता एवढं ऐकल्यावर शहाण्या माणसानं नवी बॅटरी बसवून गप्प राहावं. (बॅटरी बसवली मी. गप्प राहिलो नाही.) मोबाईलवर 'हिवाळ्यात गाडीत काय काय ठेवावं' असा एक व्हिडिओ सापडला. तो कुठल्यातरी बर्फाच्या देशातला होता, पण थंडी ती थंडीच! त्यातला गोरा बाबा सांगत होता: ब्लँकेटं ठेवा, टॉर्च ठेवा, दोरखंड, फावडं, छोटा गॅस, चार दिवसांचं खाणं-पिणं ठेवा. रस्त्यावर बर्फ पडला तर तो वितळवायला मीठ आणि चाकाखाली घालायला वाळू ठेवा.

"अहो, राजूरला बर्फ कुठं पडतोय?" आमच्या सौ., शोभा, म्हणाल्या.

"भंडारदऱ्याकडं दव गोठतं, पेपरात येतं दरवर्षी!"

"मग मीठ वाटीभर घ्या की. पोतं कशाला?"

बायकांना नियोजन कळत नाही, असं मी तेव्हा म्हणालो. आता म्हणत नाही.

सामान डिकीत मावेना. मग मी स्टेपनी काढली आणि तिच्या जागी मिठाचं पोतं आडवं घातलं. पंक्चर काढायचं किट होतंच की, मग आख्खं चाक कशाला वागवायचं! वाळूचं पोतं मागच्या सीटखाली, पाण्याचा जार सीटवर आणि जारशेजारी आई. तिच्या मांडीवर गॅस. मी साखर कारखान्यात वजनकाट्यावर काम करतो. उसाची ट्रॉली नुसती बघून जादा माल ओळखतो आणि ड्रायव्हरला झापतो. माझ्या गाडीचं बूड रस्त्याला टेकलेलं मात्र मला दिसलं नाही.

मुहूर्त साडेदहाचा. आम्ही पहाटेच निघालो. राजूरच्या अलीकडचं अकोले गाव सोडलं आणि पुढं धुकं असं, की बॉनेट दिसेना. तेवढ्यात फाट्कन आवाज झाला आणि गाडी एका बाजूला बसली. टायर कडेनं उभा फाटला होता. पंक्चरच्या किटनं तो शिवणं म्हणजे फाटक्या आभाळाला ठिगळ लावणं!

"आरं, दुसरं चाक काढ की," आई म्हणाली.

मी मिठाच्या पोत्याकडं बघितलं. शोभानं माझ्याकडं बघितलं. ती जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही.

अकोल्याच्या टायरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "आत्ता दुकान बंद हाय, धा-अकराला बघू." मग मी नियमानं लाल त्रिकोण मांडला, दिवा लावला, दोघींना ब्लँकेटं दिली, आडोशाला गॅस पेटवून चहा टाकला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. सगळं सामान उपयोगी पडत होतं!

तेवढ्यात राजूरकडं निघालेला दुधाचा टेम्पो थांबला. ड्रायव्हर बाळू, पोरगेला गडी, भला.

"लग्नाला ना? चला, दाटीवाटीनं बसाल तिघं."

आई आणि शोभा टुणकन चढल्या. मी गाडीकडं बघितलं. नवी ब्लँकेटं, नवा गॅस, नवा दोरखंड, सगळं उघड्यावर टाकून जायचं?

"तुमी व्हा म्होरं. टायर आला की आलोच मी!"

"अहो, मामा तुमी हाय!" शोभा ओरडली. "त्या पोत्याचं लग्न न्हाई!"

टेम्पो गेला. (ते पोतं आजही घरात आहे. रोज बघावं लागतं.)

नंतर एक गच्च भरलेली जीप थांबली. शाली गुंडाळलेली सहा-सात माणसं उतरली.

"ओ चहावाले, कट चहा द्या समद्यांना!"

मी चहावाला नाही, हे सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यातला एक मिशीवाला म्हणाला, "आटपा रं, नवरदेवाची गाडी राजूरला पोचली बी असंल. आपुन चुलतेच मागं!"

ही तर मुलाकडची मंडळी! साखरपुड्याला मी पोचलोच नव्हतो, त्यामुळे मला कुणी ओळखत नव्हतं. नवरीचा मामा रस्त्याच्या कडेला चहा उकळतोय, हे सांगायचं कुठल्या तोंडानं? मी माकडटोपी खाली ओढली आणि निमूटपणे चहा गाळला. वर बिस्किटं दिली.

"झ्याक हाय चहा," मिशीवाला म्हणाला आणि जीप निघून गेली.

टायरवाला उगवला तो बारा वाजून गेल्यावर. मी राजूरला पोचलो तेव्हा जेवणावळी संपून पाठवणी चालली होती. स्पीकरवरून "नवरीचे मामा, जिथं असतील तिथून मंडपात यावं" असं पुकारून भटजींचा घसा बसला, मग जेवायला थांबवलेल्या बाळूला सुमननं पुढं ढकललं, हे आईनं दारातच सांगितलं. दुधाचा वास येणाऱ्या स्वेटरवर फेटा बांधून त्यानं माझ्या भाचीला बोहल्यावर नेलं. पोरगी माझ्याच खांद्यावर बसून जत्रा बघायची. मला फार वाईट वाटलं, आणि ते सांगायला जागाही नव्हती.

माकडटोपी डोक्यावर तशीच ठेवून मी सुमनजवळ गेलो. "सुमे, टायर फुटला गं..."

तिनं मान फिरवली. तेवढ्यात मिशीवाला आला आणि त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली.

"आयला, सकाळचे चहावाले! हितं कसं काय? विहीणबाई, तुमच्या वळखीचे हायेत व्हय?"

सुमननं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. एक शब्द बोलली असती तरी चाललं असतं. 'भाऊ' एवढाच.

"न्हाई बा," ती म्हणाली. "चहावालेच असतील."

मंडळी माझ्या तोंडाकडं बघत होती. मी हात जोडले आणि विचारलं, "पाव्हणं, साखर बरोबर हुती ना?"