अंगठ्याशेजारची खाच

सासूच्या पित्ताशयात खडे निघाले. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, पण ती तयार होईना. मग सिंदेवाहीच्या अ‍ॅक्युप्रेशर शिबिरातल्या बाईंनी तिच्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामधली खाच मला दाखवली. चिनी वैद्यकात हा यकृताचा आणि पित्ताचा बिंदू आहे म्हणाल्या, आणि माणूस गिळतो तो रागही इथंच साठतो.

तेव्हापासून रोज दुपारी तीनला मी सासूच्या पायाशी बसते. नेमकी तेव्हाच माझ्या माहेरी, चिमूरला जाणारी एसटी दारावरून जाते. पुढची गाडी अंधारात, आणि वाघाच्या भीतीनं त्या रस्त्यानं घरचे पाठवत नाहीत. हॉर्न ऐकून माझा हात ढिला पडला की सासू लगेच म्हणते, "काऊन सोडलं वं? दाब ना!" ऑपरेशनचं नाव काढलं तर म्हणते, "तुह्या हातानं बरं वाटून राह्यलं, मंग चिरफाड कायले?" म्हणजे माझ्याच अंगठ्यानं मला घरात डांबलेलं. वर हिचं भजी खाणं सुरूच!

एकदा वैतागून मी पाय पुढे केला. "माह्या पायाले दाबून पाहा बरं."

तिनं नुसतं बोट टेकवलं आणि मी किंचाळले.

तिनं बोट चटकन मागे घेतलं. "मले तं इतकं कधीच नाई दुखलं," ती हळूच म्हणाली.

मला वाटलं, हिला कळलं.

बाहेर हॉर्न वाजला. तिनं माझा पाय खाली ठेवला आणि स्वतःचा पुढे केला.