निळे ठिपके

अर्धांगवायूनंतर बाबांचा डावा हात उचलत नाही. त्यांची गिटार आता मी वाजवायची असं ठरलं, पण तारा खरखरत होत्या, म्हणून ती दुरुस्तीला नेली.

दुरुस्तीवाल्या काकांनी तारा काढल्या, गिटारच्या गळ्यावरच्या धातूच्या पट्ट्यांना निळी शाई लावली आणि वरून सपाट कानस फिरवली. उंच जागांची शाई लगेच गेली. पहिल्या तीन पट्ट्यांवर मात्र निळे ठिपके राहिले.

"खड्डे पडलेत. एवढं कोण वाजवायचं?"

"बाबा."

"खड्डा भरता येत नाही, बेटा. बाकीचं सगळं त्याच्याइतकं खाली आणावं लागतं. घासू?"

आमचं घरही असंच बाबांच्या गतीला उतरलंय. आईसुद्धा आता जिना हळू चढते. ते ठिपके म्हणजे बाबांची बोटं होती. 'थांबा' म्हणावंसं वाटलं. पण मी होकारार्थी मान हलवली.

शेवटचा ठिपका गेल्यावर काकांनी एकेक पट्टी कानशीने गोलसर केली, मग घासून चकचकीत केली.

घरी बाबांनी उजव्या अंगठ्याने पट्ट्या चाचपल्या.

"माझे खड्डे गेले?"

"हो."

त्यांनी अंगठा पुन्हा एकदा पहिल्या पट्टीवरून फिरवला. मग गिटार माझ्या मांडीवर सरकवत म्हणाले, "आता तुझे पाड."