मैलकुलीच्या घरातलं घड्याळ

मनगटावरचं घड्याळ काढून कुणी टेबलावर ठेवलं की मला आजही निलंगा तालुक्यातली ती केस आठवते. तेहतीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण हादरलो तो एका साध्या चोरीच्या तपासात. चूक माझी होती, म्हणून ती आधीच सांगून टाकतो. नावं कुणाचीच लिहीत नाही. त्यातला एक माणूस इतका प्रसिद्ध होता की नाव लिहिलं तर लोक बाकीचं वाचणारच नाहीत.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. आमच्या ठाण्यातले शिक्के अजून जुन्याच जिल्ह्याचे होते आणि कागदावरचं जुनं नाव खोडून आमचा हवालदार हाताने 'लातूर' लिहायचा. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी दगा देऊन गेला होता. पाण्याच्या टँकरवर बंदोबस्त द्यावा लागायचा. अशात लातूरला दुष्काळनिधीसाठी सिनेमातल्या मंडळींचा मोठा कार्यक्रम ठरला. मुख्य आकर्षण होता एक नट. त्याचे सिनेमे आमच्या भागात तंबूत लागले की लोक बैलगाड्या जुंपून यायचे.

हा नट हैदराबादचं शूटिंग आटोपून मोटारीने बिदरमार्गे मध्यरात्रीच निघाला आणि निलंग्यावरून लातूरला पोचला. कार्यक्रम धडाक्यात झाला. दुसऱ्या दिवशी त्याच्या मॅनेजरने लातूरला फिर्याद दिली की, वाटेत टायर बदलताना साहेबांनी हात धुवायला घड्याळ काढून बॉनेटवर ठेवलं होतं, ते चोरीला गेलं. जागा आमच्या हद्दीतली, म्हणून गुन्हा आमच्याकडे वर्ग झाला. वरिष्ठांचा फोन आला, "हे घड्याळ सापडलंच पाहिजे. नव्या जिल्ह्याची अब्रू आहे."

मी फौजदार होतो, वय अठ्ठावीस. त्याच दिवशी लातूरच्या विश्रामगृहावर जाऊन त्याचा जबाब घेतला. जबाब कसला, मी त्याच्याकडे बघतच बसलो होतो. त्याने मला स्वतःच्या हाताने चहा ओतून दिला. दोन-तीन माणसं जमली होती, चेहरे आठवत नाहीत, एवढंच तो म्हणाला आणि मी तेवढंच लिहून घेतलं. मोटार कुठे आहे, असं विचारलं तर ती गॅरेजला गेली होती. मी जाऊन पाहिलीसुद्धा नाही. उलट निघताना मुलीच्या वहीवर त्याची सही घेतली. ती वही मी वर्दीच्या शर्टाच्या आत, छातीशी धरून आणली होती.

पाच दिवस आम्ही नेहमीच्या संशयितांना ठाण्यात बसवून ठेवलं. हाती काही लागलं नाही. सहाव्या दिवशी निलंग्यातला घड्याळ दुरुस्त करणारा चाचा स्वतः ठाण्यात आला. सत्तरीचा माणूस, डोळ्याला लावायचं भिंग गळ्यात तसंच लटकत होतं.

"साहेब, तुम्ही शोधताय ती घडी माझ्या दुकानात आली होती. लई भारी चीज हाय. हातात घातली तरच चालती, ठेवली की बंद पडती. त्या माणसाला ते ठाऊक न्हाई. बंद पडली म्हणून घाबरून आणली."

"कोण माणूस?"

चाचाने सांगितलं, तो रस्त्यावरचा मैलकुली. म्हणजे बांधकाम खात्याचा मजूर. दोन-तीन मैलांचा तुकडा त्याच्याकडे, तिथले खड्डे बुजवायचे, कडेची झुडपं छाटायची, रस्ता साफ ठेवायचा.

उठता उठता चाचा म्हणाला, "एक बात ध्यानात घ्या साहेब. चोर इकायला येतो. हा मरम्मतीला आला होता."

मी मान हलवली आणि जीप काढायला सांगितली. चाचाचं ते बोलणं माझ्या डोक्यात शिरलंच नाही.

मैलकुलीचं घर रस्त्यालगतच होतं, दोन खणांचं. घरात तो एकटाच. बायको दवाखान्यात आहे, विहिरीत पडून पाय मोडला, असं शेजारच्यांनी सांगितलं. पंच बोलावून झडती घेतली. अंधारात माझ्या पायात पितळेची एक चेंबलेली घागर आली. ती मी बुटाने बाजूला सारली. देवळीत, देवाच्या तसबिरीमागे, हळदीकुंकवाच्या डब्याशेजारी धुतलेल्या फडक्यात घड्याळ सापडलं. हवालदाराने पंचनामा लिहिला: एक मनगटी घड्याळ, परदेशी बनावटीचं. घागरीचा उल्लेख त्यात नाही.

"कुठून आणलं?"

"त्यांनी दिलं."

"एवढा मोठा माणूस तुला घड्याळ देईल? का दिलं?"

तो चाळिशीचा, काटक, उन्हाने रापलेला माणूस. डोळ्यांत भीती होती, पण चोराची वळवळ नव्हती. त्याची नोकरी सरकारी. अटक झाली की निलंबन ठरलेलं, आणि हे मी त्याला दोनदा बजावलं. तरी तो एवढंच म्हणत राहिला, "त्यांनाच इचारा साहेब. ते सांगतील." तेव्हा मी त्याच्या मुस्कटात मारली. मार खाऊनही तो म्हणाला, "मारा, पर त्यांना इचारा येकदा."

कोर्टाने चार दिवसांची पोलीस कोठडी दिली. दुसऱ्या दिवशी त्याने पहिल्यांदाच काही मागितलं. लातूरच्या सरकारी दवाखान्यात बायकोला शेजारणीने करून दिलेला डबा पोचवायचा होता. मला तसंही लातूरला जायचं होतं, म्हणून डबा मी जीपमध्ये टाकला. यात माझा चांगुलपणा नव्हता. बायकोकडून काही कळतं का, हे मला पाहायचं होतं.

बाई खाटेवर होती. उजव्या गुडघ्याच्या खाली चादर सपाट होती. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "काही तास आधी आणलं असतं तर पाय वाचवायचा प्रयत्न करता आला असता. विहिरीत पडल्याचं नवऱ्याने लिहून दिलं. पण पडलेल्या माणसाचं टाचेला, मणक्याला लागतं. हिच्या दोन्ही पोटऱ्यांवर, मागून, एकाच उंचीवर मार होता."

तेव्हा मला त्या गावची विहीर आठवली. झडतीच्या दिवशी आम्ही प्यायला पाणी मागितलं होतं, तर सरपंचाने विहिरीचा कोरडा तळ दाखवला होता. तिथे दोन महिने सुरुंग लावून खोली वाढवायचं काम चाललं होतं. बाया पाण्याला तिथे जातच नव्हत्या. त्या पहाटे उठून रस्त्याने दीड मैलावरच्या मळ्यात जायच्या.

मी खाटेजवळ स्टूल ओढलं. "बाई, तुमचा नवरा कोठडीत आहे. घड्याळ चोरलं म्हणून. आता खरं सांगा."

ती हातांवर जोर देऊन उठून बसली. मग एकदम बोलायला लागली.

"चोरलं? त्यांनी? माजा पाय गेला आन् घरात घड्याळ आलं, आसं झालंय बगा साहेब. तांबडं फुटत हुतं. मी येकटीच म्होरं निगाले हुते. मागून मोटर आली आन् मला घागरीसकट उडिवलं. ह्ये तिथंच खड्डे बुजवीत हुते, पळत आले. गाडीतून त्यो उतरला, सिनेमातला. त्योच चालवीत हुता, डायवर श्येजारी झोपला हुता. यांचे हात धरून रडला वो. 'पेपरात आलं तर कार्यक्रम मोडंल, पाण्याचा पैसा जमायचा न्हाई, कुणाला सांगू नका. मी आत्ता म्होरं जाऊन डॉक्टर आन् गाडी पाठवतो.' आन् हातातलं घड्याळ काडून यांच्या हातात ठिवलं."

"मग गाडी आली?"

"कुठली वो गाडी! ह्यांनी मला बाभळीखाली निजिवलं आन् रस्त्याकडं तोंड करून बसले. दोन यष्ट्या गेल्या. मी म्हणलं, हात करा की. तर म्हणले, 'थांब, त्यांची गाडी येणार हाय, आपुन न्हाई दिसलो तर उगं शोधीत बसतील.' दुपार झाली. तिसऱ्या यष्टीच्या डायवरनं मला बगून आपुन होऊन गाडी थांबिवली."

मी जबाब लिहीत होतो. दोन एसटी डोळ्यांदेखत गेल्या आणि त्याने हात केला नाही! बायको विव्हळत होती आणि हा माणूस दुपारपर्यंत वाट बघत बसला. राग आला, भयंकर राग आला, पण कुणाचा ते ठरेना. छातीशी धरून आणलेली ती वही आठवत होती.

परत येऊन मी आधी मैलकुलीच्या घरी गेलो. ती घागर अजून कोपऱ्यात, मी सारली होती तिथेच होती. उजेडात नेऊन पाहिली. चेंबलेल्या बाजूला मोटारीचा पांढरा रंग घासून बसला होता. मग त्याला कोठडीतून बाहेर काढलं आणि विचारलं, "रस्त्यावर काच नव्हती का रे? दिव्याची?"

"हुती की. म्या झाडून मोरीत टाकली."

"पुरावा झाडून टाकलास?"

त्याला प्रश्नच कळला नाही. "काच ठिवून कसं चालंल साहेब? लोकांचे टायर फुटतात. माजा तुकडा हाय त्यो."

रस्त्याखालून पाणी जायच्या त्या मोरीत काचा सापडल्या. लातूरच्या गॅरेजवाल्याने नवीन दिवा बसवल्याचं सांगितलं. एसटीच्या ड्रायव्हरचा जबाब झाला. हे सगळं मी पहिल्या दिवशी करू शकलो असतो. मैलकुलीला विचारलं, "बायकोचा पाय गेला, मग तरी का नाही बोललास?" तो म्हणाला, "धा गावचं पाणी हुतं साहेब. माज्या येका तोंडानं ते तोडायचं का? आन् त्यांनी शबूद घेतला हुता."

दोन दिवसांनी नटाचा दुसरा कार्यक्रम नांदेडला होता. वरिष्ठांना कागद दाखवले. त्यांनी ते दोनदा वाचले आणि म्हणाले, "जा, पण शिस्तीत." मी मैलकुलीला बेडी न घालता बरोबर घेतलं. जीपमध्ये त्याने टोपी काढून झटकली, पुन्हा घातली. त्याचा चेहरा कोठडीतल्या माणसाचा नव्हता. त्याला खात्री होती की आता सगळं मिटणार.

नांदेडच्या विश्रामगृहात खोली भरलेली होती. पुढारी, कॉलेजची पोरं, फोटोवाला. मॅनेजर ओरडला, "हाच का तो चोर?"

नटाने मैलकुलीकडे पाहिलं. क्षणभरच. मग हसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मैंने इनको कभी देखा नहीं. पर गरीब आदमी है, छोड दीजिए. मुझे कोई शिकायत नहीं."

खोलीत "वा!" उठलं. कुणीतरी टाळी वाजवली. एवढा चांगुलपणा एवढ्या सहज करता येतो, हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

मी गर्दी बाहेर काढायला लावली आणि घागर टीपॉयवर ठेवली. ड्रायव्हर पटकन पुढे झाला, "साब, गाडी मैं चला रहा था."

आता सगळं मैलकुलीवर होतं. ड्रायव्हर चालवत होता असं तो म्हणाला असता तर नट तिथेच सुटला असता. मी विचारलं, "गाडी कोण चालवत होतं?"

तो नटासमोर जाऊन उभा राहिला. नट खाली जाजमाकडे बघत होता. मग मैलकुली त्याच्याशीच बोलला, अगदी हळू, तक्रार करतोय असंही वाटेना:

"साहेब, गाडी पाठिवतो म्हणला हुता न्हाई का तुमी? म्या दुपारपातुर बसलो हुतो."

मग तो माझ्याकडे वळला. "ह्येच चालवीत हुते. लिवून घ्या."

घड्याळ कुठे, असं मॅनेजरने विचारल्यावर नटाने चोरीची थाप मारली होती आणि मॅनेजरने ती खरी धरून फिर्याद दिली होती, हे तिथेच उघड झालं. चोरीचा गुन्हा निकाली निघाला, अपघाताचा दाखल झाला. पुढे तारखा पडत राहिल्या. शेवटी नटाने कोर्टात गुन्हा कबूल केला, शिक्षा म्हणून दंड भरला आणि निघून गेला. पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या. मैलकुलीचं निलंबन उठवायला मी स्वतः बांधकाम खात्यात खेटे घातले. त्याला मारल्याबद्दल मी ठाण्यात, हवालदारासमोर त्याची माफी मागितली. तो इतका ओशाळला की मलाच तिथे थांबवेना. घरी मुलीला सगळं खरं सांगितलं. तिने सहीचं पान फाडलं नाही, पण नंतर कुणाला दाखवलंही नाही.

खात्यात नव्याने आलेल्या पोरांना मी हीच केस सांगत आलो. साहेब मोठा दिसला की आपला प्रश्न लहान होतो आणि माणूस लहान दिसला की हात मोठा होतो. दोन्ही माझ्याच हातून झालं होतं, तेही एका आठवड्यात.

मुद्देमाल परत करायची वेळ आली तेव्हा घड्याळ नटाच्या वकिलाने सही करून नेलं. घागर घ्यायला ती बाई स्वतः आली, कुबडीवर. मी घागर पुढे केली आणि मनातलं बोलून टाकलं, "बाई, झडतीच्या दिवशीच ही माझ्या पायात आली होती. मी बुटाने सारली."

तिने चेंबलेल्या जागेवरून हात फिरवला. "तुमचं काय घिऊन बसलाव साहेब. माज्या घरधन्याचं ध्यान बी घड्याळाकडंच हुतं."

कुबडी असली की घागर कमरेवर घेता येत नाही. हवालदार पुढे झाला, पण त्याला मी थांबवलं. ठाण्यापासून स्टँडपर्यंत भर बाजारातून ती घागर मीच नेली, वर्दीत. लोक बघत होते.