आईच्या जबड्यासाठी लावलेला कौल

दाढ काढल्यानंतर वर्षभराने आईच्या जबड्याखाली एक छिद्र पडलं. त्यातून पू यायचा, आठ दिवस थांबायचा, पुन्हा यायचा. त्यावर पदर धरून ती बाजारात मासे विकायची. पू थांबला की गोळ्याही थांबवायची. मी कॉलेजात विज्ञान शिकत होते, तरी तिला अडवलं नाही. मलाही वाटायचं, बरं झालं.

शेवटी सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढला. डॉक्टरीणबाईंनी तो उजेडावर धरून मला दाखवला. जबड्याच्या हाडात एक तुकडा वेगळाच पडलेला.

"हे हाड मेलंय. हे आत असेपर्यंत नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही. उद्या साधं चावतानाही जबडा मोडू शकतो."

त्यांनी ऑपरेशनच्या संमतीचा फॉर्म दिला. घरात तो वाचता येणारी मीच. तो हातात घेऊन मी आईकडे बघितलं.

"देवाक इचारल्याबिगर मी कापून घेवचंय नाय," ती म्हणाली.

देवळात गुरवकाकांनी पाषाणावर दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्यांनी गाऱ्हाणं घातलं, "म्हाराजा, ह्या बायचो जबडो कापूक दिवचो काय?" मागच्या चार माणसांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. डावी कळी लगेच पडली.

आई उठली. "झाला. चल गो घराक."

कौल खोटा, असं मला वाटलंच नाही. वाटलं असतं तर सोपं होतं. मला देवाची भीती वाटत होती, आणि एक्स-रेची त्याहून जास्त.

"काका, परत इचारूया?"

"एका गोष्टीक दोनदा कौल लावनत नाय, बाये."

"मगे येगळा इचारा. जबडो नाय कापूचो. आतलो मेललो तुकडो तेवढो काढूचो काय?"

मागून कोणीतरी हसलं. "कॉलेजात वकिली शिकवतत काय गो?"

गुरवकाका हसले नाहीत. "मेलला घरात कोण ठेवता?" असं स्वतःशीच म्हणत त्यांनी नव्या कळ्या भिजवल्या. मी डाव्या कळीवरून नजर हलवली नाही. तिच्याखालून पाण्याचा थेंब ओघळला. मग उजवी पडली.

ऑपरेशननंतर डॉक्टरीणबाईंनी तो तुकडा बाटलीत दाखवला. सुपारीच्या खांडाएवढा. तो तपासणीला गेला आणि दीड महिन्याच्या गोळ्या सुरू झाल्या. रोज सकाळी मी आईच्या जबड्याखाली कापूस दाबते. कोरडा निघाला तरी पुन्हा दाबते.

"हाड मोडतलंस गो माझा!" ती ओरडते.

परवा तिने विचारलं, "दुसरोय डावोच पडलो असतो, तर?"

"तुका वढून न्हेलं असतंय," मी म्हटलं.

मी खोटं बोलले. मी तिच्यामागून मुकाट्याने घरी आले असते.